गुडघेदुखीवरचा इंटर्नशिप प्रोजेक्ट: तीस रुग्णांत काय मोजता येतं आणि काय नाही

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगते. तुम्ही बीपीटीएचची (फिजिओथेरपीच्या पदवीची) इंटर्नशिप करताय आणि प्रोजेक्टसाठी हाताशी चारेक महिने आहेत. विषय जवळपास ठरलाय: गुडघ्याच्या झिजेचे तीस रुग्ण, पंधरा-पंधराचे दोन गट, एका गटाला आयएफटी आणि व्यायाम, दुसऱ्याला टेन्स आणि तोच व्यायाम, दोन आठवडे (आयएफटी आणि टेन्स हे दुखणं कमी करायला त्वचेवरून दिले जाणारे विजेचे सौम्य करंट). दुखणं व्हॅसवर, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करून मोजायचं, आणि क्वाड्रिसेप्सची (मांडीच्या पुढच्या स्नायूची) ताकद एमएमटीने, म्हणजे हाताने विरोध देऊन शून्य ते पाच ग्रेड देत. सीनियर्सच्या जुन्या प्रोजेक्टांत दोन्ही गटांत उपचाराआधीचा आणि नंतरचा फरक ‘सिग्निफिकंट’, म्हणजे निव्वळ योगायोगाचा नसावा असा, आलाय. आता तुम्हाला हवंय की संख्याशास्त्राची कोणती टेस्ट लावायची, तीस रुग्ण पुरतील का, आणि ताकद वाढल्याचं दाखवता येईल का.

टेस्टचं उत्तर शेवटी देते, कारण त्याआधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुम्ही विचारताय ‘दोन करंटांपैकी कोणता चांगला’, आणि मोजायला घेताय अशी साधनं, अशी माणसं आणि असा कालावधी, की त्यातून या प्रश्नाचं उत्तर निघणारच नाही. तुमच्या हुशारीचा किंवा कष्टाचा इथे संबंध नाही. हा आराखडाच तसा आहे. मी बरीच वर्षं ओपीडीत गुडघे पाहते आहे आणि विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसही (प्रोजेक्टचे लेखी प्रस्ताव) वाचते. हा आराखडा थोड्याफार फरकाने दरवर्षी समोर येतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. गाइड विषय बदलू देतील का, एथिक्स कमिटीची पुढची बैठक कधी आहे, ओपीडीत रोज किती गुडघे येतात, डिपार्टमेंटमध्ये हँडहेल्ड डायनॅमोमीटर (स्नायूचा जोर आकड्यात मोजणारं हातातलं यंत्र) आहे का आणि तो कपाटाबाहेर निघतो का. यांची उत्तरं काय येतात त्यावर खालचं काही लागू पडेल, काही पडणार नाही.

आता दुखण्याबद्दल. दोन्ही गटांत दुखणं कमी होईल, हे मी आजच सांगू शकते. गुडघ्याच्या झिजेचं दुखणं एका पातळीवर कधीच स्थिर नसतं, ते वर-खाली होत राहतं. माणूस दवाखान्यात येतो तो ते वर गेलेलं असताना. गावाकडे लग्न झालं, दोन दिवस उभं राहणं झालं, जिने चढउतार झाली, गुडघा सुजला, म्हणून तो आला. त्या दिवशी त्याने व्हॅसवर आठ सांगितले. दोन आठवड्यांनी काहीही न करता तो बहुधा आठच्या खाली आला असता. त्यात भर म्हणून कोणीतरी रोज अर्धा तास त्याच्याकडे लक्ष दिलं, हात लावला, ‘कसं वाटतंय आजी?’ म्हणून विचारलं. काहींनी मधल्या काळात पॅरासिटामॉल घेतली आणि सांगितलं नाही. आणि व्यायाम तर दोन्ही गटांत आहेच, ज्याचा गुडघ्याच्या झिजेत उपयोग होतो हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. या सगळ्याची बेरीज म्हणजे तुमचा ‘आधी’ आणि ‘नंतर’मधला फरक. तो पेअर्ड टी-टेस्टला (त्याच माणसांचे आधीचे-नंतरचे आकडे ताडणाऱ्या टेस्टला) दाखवला की पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली येते, म्हणजे फरक ‘सिग्निफिकंट’ ठरतो. त्यातला किती भाग आयएफटीचा, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

म्हणून पाहायचं ते एका गटातलं आधी-नंतर नव्हे, दोन गटांमधला फरक. इथे तीसचा आकडा आड येतो. हिशेब करून पाहा. अशा रुग्णांत शून्य ते दहाच्या एनपीआरएसवर (तोंडी आकडा विचारून दुखणं मोजायच्या मापावर) स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, साधारण २ धरलं, तर पंधरा-पंधराच्या गटांत ८०% पॉवरने (खरा फरक असेल तर तो सापडण्याची ८०% शक्यता ठेवून) पकडता येणारा सर्वांत लहान फरक दोन अंकांहून थोडा जास्त येतो. आता आठवा, दीर्घकालीन दुखण्यात एका रुग्णाला ‘खरंच बरं वाटलं’ म्हणायला साधारण दोन अंकांची किंवा ३०% घट लागते असं मानतात. म्हणजे एका उपचाराचा जेवढा पूर्ण फायदा असावा, तेवढा फरक तुम्ही दोन उपचारांमध्ये शोधताय, आणि तोही एकमेकांच्या इतक्या जवळच्या.

जवळचे म्हणते, कारण इलेक्ट्रोथेरपीत आपण तेच शिकलोय. आयएफटीत ४००० हर्ट्झच्या आसपासचे दोन करंट एकमेकांना छेदतात आणि त्यांच्या फरकातून, समजा, १०० हर्ट्झची बीट तयार होते. पारंपरिक टेन्समध्ये ८० ते १०० हर्ट्झ थेट देतो. दोन्हींत स्पर्शाच्या जाड तंतूंना चेतवायचं आणि मेलझॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या गेट कंट्रोलच्या वाटेने दुखण्याची जाणीव दाबायची. त्यांच्यात एक अंकाचा फरक असला तरी ती मोठी गोष्ट होईल. तो एक अंक पकडायला, स्टँडर्ड डेव्हिएशन २ धरून, प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. गळती धरली तर एकूण दीडशेच्या घरात. चार महिन्यांत, एका ओपीडीत, एका इंटर्नकडून हे होणार नाही. आणि तीस रुग्णांत फरक दिसला नाही, तर ‘दोन्ही सारखेच परिणामकारक’ असं लिहिता येत नाही. फरक आहे की नाही हे कळलं नाही, एवढंच म्हणता येतं. सीनियर्सच्या प्रोजेक्टांचा निष्कर्ष नेमका इथे घसरतो.

दुखणं कसं विचारायचं हा भाग मी विद्यार्थ्यांना प्रत्येक वेळी समोर बसून करून दाखवते. दहा सेंटिमीटरची रेघ पुढे ठेवली की सत्तरीच्या आजी त्या रेघेकडे नाही, तुमच्या तोंडाकडे बघतात. बऱ्याच जणींना ती रेघ म्हणजे काय हेच कळत नाही आणि त्या मधोमध बोट ठेवतात. तोंडी विचारलेलं शून्य ते दहा त्यापेक्षा बरं चालतं, पण प्रश्न ठरलेला हवा. ‘किती दुखतंय?’ हा प्रश्नच नाही. आत्ता बसल्या जागी? काल जिना उतरताना? गेल्या आठवड्यात सर्वांत जास्त दुखलं तेव्हा? बसल्या जागी शून्य आणि जिन्यावर आठ, असा गुडघा रोज दिसतो. एक वाक्य मराठीत लिहून काढा आणि पहिल्या दिवशी, शेवटच्या दिवशी, प्रत्येकाला तेच वाक्य त्याच शब्दांत विचारा.

आणखी एक. आपल्याकडचे रुग्ण सुधारणा आण्यांत सांगतात. ‘रुपयातले बारा आणे बरं आहे.’ हे फार मोलाचं वाक्य आहे, ते फाइलमध्ये जसंच्या तसं लिहा. पण त्याचं ‘७५% घट’ करून व्हॅसच्या रकान्यात भरू नका. आजी आजचं दुखणं सांगत नाहीत, तेव्हापासून आजपर्यंतचा फरक आठवून सांगताहेत, आणि त्यात तुमच्याबद्दलची माया मिसळलेली असते. ज्या मुलीने दोन आठवडे सेवा केली तिला ‘काही फरक नाही’ असं तोंडावर कोण सांगेल? म्हणूनच शेवटचं मोजमाप उपचार देणाऱ्या व्यक्तीने करू नये. बॅचमेटला सांगा, आणि त्याला गट माहीत नसू दे.

आता ताकद. माझा सगळ्यांत मोठा आक्षेप एमएमटीवर आहे. रोजच्या तपासणीत ती उत्तम आहे. पोलिओच्या काळापासून ती वापरात आहे आणि ज्या स्नायूत शून्य, एक, दोन असा फरक पाहायचा असतो तिथे तिला पर्याय नाही. पण तुमच्या रुग्णांचा क्वाड्रिसेप्स चारच्या खाली क्वचितच असेल. चालत आलेला माणूस आहे तो. आणि ग्रेड चार म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि थोडा विरोध यांपासून जवळजवळ पूर्ण ताकदीपर्यंतचा प्रचंड मोठा पट्टा. वखारीतल्या काट्यावर सोनं तोलायला घेतल्यासारखं आहे हे. दोन आठवड्यांत जो बदल होईल तो त्या एका ग्रेडच्या आतच राहील आणि तुमच्या तक्त्यात ‘४’च्या पुढे ‘४’च दिसेल. किंवा, आणि हे जास्त वाईट, तुम्हाला बदल हवा आहे म्हणून नकळत ‘४+’ लिहिलं जाईल.

डायनॅमोमीटर असेल तर चित्र बदलतं, पण तोही आपोआप खरं बोलत नाही. नुसत्या हाताने धरलेला डायनॅमोमीटर क्वाड्रिसेप्सपुढे टिकत नाही. धडधाकट रुग्णाने जोर लावला की तुमचाच हात मागे जातो, आणि आकडा येतो तो तुमच्या दंडाचा. पट्ट्याने तो टेबलाच्या पायाला किंवा मागच्या दांड्याला बांधा. गुडघा ९० अंशांत की ६० अंशांत ते ठरवा आणि बदलू नका. घोट्याच्या वर किती अंतरावर पॅड ठेवलं ते मोजून लिहा, कारण ते दोन सेंटिमीटर सरकलं तरी किलोचा आकडा बदलतो. तीन वेळा जोर लावायला सांगा, मध्ये विश्रांती द्या, आणि सरासरी घ्यायची की सर्वांत मोठा आकडा, हे आधीच ठरवा.

हे सगळं काटेकोर केलं, आणि दोन आठवड्यांत ताकद खरंच वाढलेली दिसली, तरी ‘स्नायू बळकट झाला’ असं लिहायला मी तुम्हाला देणार नाही. दुखऱ्या, सुजलेल्या गुडघ्यात मेंदू आणि मज्जारज्जू क्वाड्रिसेप्सला पूर्ण चालूच देत नाहीत. निरोगी माणसाच्या गुडघ्यात सलाइन सोडून केलेल्या प्रयोगांत वीस-तीस मिलीलिटर पाण्यानेच व्हास्टस मीडिअलिस (क्वाड्रिसेप्सचा आतल्या बाजूचा भाग) दबलेला दिसला आहे. सूज उतरली, दुखणं कमी झालं की हा ब्रेक सैल होतो आणि त्याच स्नायूतून जास्त जोर निघतो. शिवाय व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांतली वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते, स्नायूला जोर लावायची सवय होते. स्नायूचा आकार वाढायला त्याहून जास्त आठवडे आणि पुरेसं वजन लागतं. नवशिक्यासाठी ते त्याच्या कमाल क्षमतेच्या ६०-७०% धरतात. टॉवेल गुडघ्याखाली घेऊन दहा वेळा दाबणं हा सुरुवातीला योग्य व्यायाम आहे, पण त्याने दोन आठवड्यांत मांडी भरत नाही. म्हणून ताकदीचा आकडा मिळाला की त्याच्या शेजारी त्या क्षणी दुखणं किती होतं तेही लिहा. जोर लावताना दुखलं का, हा एक प्रश्न पुरेसा आहे. तो रकाना नसेल तर तुमचा ताकदीचा तक्ता वाचता येत नाही.

मग करायचं काय? मला विचाराल तर विषय थोडा लहान करा आणि तोच नीट करा. माझी पहिली पसंती मोजमापाच्या विश्वासार्हतेच्या अभ्यासाला. ओपीडीतले गुडघ्याच्या झिजेचे रुग्ण घ्या. तुम्ही आणि तुमचा बॅचमेट दोघांनी, एकमेकांचे आकडे न बघता, पट्ट्याने बांधलेल्या डायनॅमोमीटरने तीच ताकद मोजा आणि काही दिवसांनी पुन्हा मोजा. त्यातून आयसीसी, म्हणजे दोन मोजमापं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, काढता येतो, मोजमापातली चूक म्हणजे एसईएम काढता येते, आणि तिला २.७७ने गुणलं की किमान खरा बदल मिळतो. समजा एसईएम २ किलो आली, तर साडेपाच किलोंपेक्षा कमी वाढ ही वाढ की मोजण्यातला गोंधळ, हे एका रुग्णात सांगता येणार नाही. हा एक आकडा तुमच्या डिपार्टमेंटला पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडेल. पुढच्या बॅचचा जो कोणी ‘ताकद तीन किलोंनी वाढली’ म्हणेल, त्याला तो आकडा समोर ठेवता येईल. यात कोणाला उपचार द्यायचे किंवा रोखायचे नसतात, त्यामुळे परवानग्याही सोप्या होतात आणि चार महिन्यांत काम पूर्ण होतं.

डायनॅमोमीटर नसेल तर तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ती चाचणी घ्या. साधी खुर्ची, बसायची उंची साधारण ४३ सेंटिमीटर, हात छातीवर, खुर्ची भिंतीला टेकवलेली. खुर्ची रोज तीच हवी. ओपीडीतली स्टुलं बदलली की निकाल बदलतो. माझं मन मात्र जमिनीवरून उठण्यावर जास्त जातं, कारण आपले रुग्ण ज्यासाठी रडतात ते तेच आहे. पूजेला मांडी घालता येत नाही, संडासात उकिडवं बसलं की उठवत नाही, शेतात खुरपायला बसता येत नाही. खुर्चीतून उठण्याची संख्या आणि जमिनीवरून उठायला लागणारा वेळ किंवा आधार, यांचा ताकदीशी आणि दुखण्याशी किती संबंध आहे, हा एकाच भेटीत पुरा होणारा अभ्यास आहे. फॉलोअपची चिंता नाही. कठड्याशेजारी, मदतीला माणूस उभा करून घ्या. कोणी पडता कामा नये.

तिसरा पर्याय मला मनापासून आवडतो आणि विद्यार्थी तो क्वचित घेतात: घरी सांगितलेला व्यायाम लोक करतात का, आणि का करत नाहीत. त्याला यंत्र लागत नाही, नीट ऐकणारा माणूस लागतो. ‘घरात सगळ्यांसमोर पाय वर करून कशी झोपू?’ असं एखादी सून सांगते तेव्हा आपला छापील व्यायामाचा कागद कुठे अडतो ते कळतं.

गाइडनी विषय बदलू दिला नाही, हेही शक्य आहे. तर मग आहे तोच आराखडा जास्तीत जास्त खरा करा. गट कोणता हे रुग्ण समोर बसल्यावर तुम्ही ठरवू नका. दुसऱ्या कोणाकडून यादृच्छिक क्रम तयार करून घ्या, बंद अपारदर्शक क्रमांकित पाकिटांत ठेवा आणि रुग्णाची नोंद झाल्यावरच पाकीट उघडा. मुख्य निकष एकच निवडा आणि सिनॉप्सिसमध्ये लिहून टाका. करंटची तीव्रता, वेळ, इलेक्ट्रोडची जागा, व्यायामाचे सेट, सगळं असं लिहा की दुसऱ्या गावातल्या फिजिओला ते तसंच करता येईल. दुखण्याच्या गोळ्यांची रोज नोंद ठेवा. आणि निष्कर्षात ‘प्राथमिक स्वरूपाचा अभ्यास’ असं स्पष्ट लिहा, कारण तो तसाच आहे.

उपचारांची तुलना म्हणजे ट्रायल, तेव्हा सीटीआरआयची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीतली) नोंदणी आलीच. १ एप्रिल २०१८पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, नंतर केलेली चालत नाही. त्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. या दोन्हींत किती आठवडे जातात ते आजच तुमच्या कॉलेजात विचारा. बऱ्याच इंटर्नचे चार महिने इथेच दोन होतात.

संमतीपत्राबद्दल थोडं थांबून सांगते. पुस्तकी मराठीतलं दोन पानी संमतीपत्र पुढे करून ‘इथे सही करा’ म्हणणं म्हणजे संमती घेणं नाही. रुग्णाच्या मनात भीती असते की नाही म्हटलं तर ट्रीटमेंट मिळणार नाही. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमची रोजची ट्रीटमेंट अशीच चालू राहील’ हे वाक्य तोंडाने, त्यांच्या बोलीत, पहिल्यांदा सांगा. लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णाला सगळं वाचून दाखवताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, अंगठ्याबरोबर त्याचीही सही हवी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात.

गळतीचा विचारही कॅलेंडर बघून करा. ऊसतोडीच्या भागात असाल तर दिवाळीच्या सुमारास माणसं कारखान्यांकडे निघून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आषाढात वारीला गेलेला माणूस दहाव्या सेशनला येणार नाही. पेरणीच्या दिवसांत कोणीच येत नाही. जे मध्येच थांबले त्यांना गाळून उरलेल्यांची सरासरी काढली की निकाल गोड दिसतो, कारण ज्यांना फरक पडला नाही ते आधी थांबतात. म्हणून ज्या गटात नाव निघालं त्याच गटात प्रत्येकाला मोजा, न आलेल्यांना फोन करून निदान दुखण्याचा आकडा विचारा, आणि किती जण थांबले, का थांबले, ते अहवालात लिहा.

थोडक्यात, आतापर्यंत तीन गोष्टी सांगितल्या: आधी-नंतरचा फरक उपचाराचा पुरावा होत नाही, पंधरा-पंधराच्या गटांत दोन करंटांमधला फरक सापडणार नाही, आणि एमएमटीने ताकदीतला लहान बदल दिसणार नाही.

आता टेस्ट. विषय तोच राहिला, तर शेवटच्या दिवसाच्या दुखण्याची दोन गटांत तुलना करा, सुरुवातीचा आकडा सोबत धरून, म्हणजे ॲनकोव्हा. त्यातून येणारा गटांमधला फरक आणि त्याचा ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो) लिहा, नुसती पी व्हॅल्यू नको. तो इंटरव्हल रुंद येईल, त्यात शून्यही असेल आणि तुमच्या आवडीचा आकडाही. तो तसाच छापा. एमएमटीचे ग्रेड क्रमवाचक आहेत, त्यांची सरासरी आणि टी-टेस्ट काढू नका. विश्वासार्हतेचा अभ्यास घेतलात तर आयसीसी, एसईएम आणि ब्लँड-ऑल्टमनचा आलेख (दोघांच्या आकड्यांत किती तफावत पडते ते दाखवणारा). एका भेटीतला संबंध पाहणार असाल तर आकडेवारीच्या स्वरूपानुसार पिअरसन किंवा स्पिअरमनचा सहसंबंध. तीनपैकी काहीही निवडलंत तरी पहिला रुग्ण घेण्याआधी रिकामा तक्ता काढा, रकान्यांची नावं भरा, आणि कम्युनिटी मेडिसिनमधल्या स्टॅटिस्टिशियनला तो दाखवून या. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर ते फारसं काही करू शकत नाहीत.

गाइडशी बोलताना ‘विषय बदलायचा आहे’ अशी सुरुवात करू नका. वरचा ६४चा हिशेब एका कागदावर मांडून न्या आणि ‘एवढे रुग्ण मिळतील का?’ असं विचारा. तुमच्या ओपीडीचं गेल्या तीन महिन्यांचं रजिस्टर उघडून गुडघ्याचे नवे रुग्ण किती आले ते मोजून तो आकडाही त्याच कागदावर लिहा. डायनॅमोमीटर आहे की नाही आणि रजिस्टरमध्ये किती रुग्ण सापडले ते इथे कळवलंत, तर सिनॉप्सिसचा मसुदा मी वाचून देईन.